गाडीतला जुना टेप, नवा प्लेअर आणि जोडणीचा हक्क

"गाडीतल्या टेपवर लेख? आता हा विषय राहिला होता का?" असे काही मित्र नक्की विचारतील. त्यांना विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा. आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंना इतिहास असतो. त्या इतिहासातही कोणी दार उघडलेले असते आणि कोणी बंद केलेले असते. ते दार कोणाच्या हातात होते, हे विचारायची सवय आपण सोडता कामा नये.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही काही कार्यकर्ते एका जुन्या गाडीतून जिल्ह्यात फिरत होतो. गाडी पंचवीस वर्षांपूर्वीची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. डॅशबोर्डमध्ये कॅसेट प्लेअर होता आणि तो चालू होता. चारही स्पीकर ठणठणीत होते. बरोबरच्या तरुणाच्या खिशातल्या छोट्या प्लेअरमध्ये हजारभर गाणी होती. गाणी आहेत, स्पीकर आहेत, पण दोघांना जोडणारा रस्ता नाही. तालुक्याच्या गावी एका दुकानात विचारले. दुकानदाराने टेपकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब, हे भंगार काढून टाका, नवीन टचस्क्रीन बसवून देतो." त्याने सांगितलेल्या पैशांत आमचे महिनाभराचे डिझेल आले असते.

बाजूच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर काका होते. त्यांनी खण उघडून एक कॅसेट काढली. त्या कॅसेटला शेपटीसारखी वायर होती. कॅसेट टेपमध्ये घातली, वायरचे टोक प्लेअरमध्ये खोचले आणि गाणे सुरू झाले. गाडीच्या वयाचा टेप आजच्या प्लेअरशी बोलू लागला.

मी तेव्हापासून एका प्रश्नाचा विचार करतो आहे. इतके जुने यंत्र नव्या यंत्राला जोडले जाते आणि त्याच्यापेक्षा नव्या काही महागड्या गाड्यांतले स्टिरिओ मात्र जोडले जात नाहीत, असे का? याचे उत्तर यंत्राच्या वयात सापडत नाही. जोडणीचे नियम कोणी ठरवले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले की कुलूपबंद केले, यात ते सापडते.

गाडीत गाणे आले, पण कोणाचे?

गाडीत आवाज आणायचा पहिला यशस्वी धंदा अमेरिकेत उभा राहिला. १९३० साली पॉल गॅल्व्हिन आणि त्यांच्या भावाच्या शिकागोतील कंपनीने गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे कंपनीचेच ते नाव झाले. तेव्हा हा रेडिओ शंभर डॉलरच्या वर जाई आणि नवी फोर्ड गाडी पाचशे-साडेपाचशे डॉलरला मिळे. म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा एका रेडिओला. पण किंमत बाजूला ठेवली तरी रेडिओची खरी मर्यादा वेगळी होती. स्टेशन जे लावील ते ऐकायचे. निवड स्टेशनची, ऐकणाऱ्याची नाही.

आपले गाणे आपल्या गाडीत वाजावे, यासाठी पहिला मोठा प्रयत्न क्रायस्लर कंपनीने १९५६ च्या गाड्यांमध्ये केला. नाव 'हायवे हाय-फाय'. डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर! तो सीबीएसच्या प्रयोगशाळेत पीटर गोल्डमार्क यांनी तयार केला होता. लाँग प्लेइंग रेकॉर्ड घडवण्यात ज्यांचे नाव घेतले जाते तेच हे गोल्डमार्क. धक्क्याने सुई उडू नये म्हणून या रेकॉर्डी अतिशय संथ, मिनिटाला १६ ⅔ फेऱ्या या वेगाने फिरत. पण अशा रेकॉर्डी फक्त कोलंबिया ही एकच कंपनी काढत असे, आणि कोलंबिया सीबीएसच्याच मालकीची. घरातली तुमची रेकॉर्ड गाडीत चालणार नाही, गाडीतली रेकॉर्ड घरच्या साध्या प्लेअरवर चालणार नाही. यंत्र तुम्ही विकत घेतले, पण त्यात काय वाजेल याचा निर्णय कंपनीकडेच राहिला. थोड्याच वर्षांत ही योजना गुंडाळली गेली. नादुरुस्तीच्या तक्रारी होत्याच, पण दुसऱ्या कोणाच्या गाण्याला आत यायची वाटच ठेवली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यानंतर एट-ट्रॅक आले. छोटी जेट विमाने बनवणारे बिल लिअर यांनी १९६४ च्या सुमारास ते पुढे आणले आणि फोर्डने १९६६ च्या मॉडेलमध्ये ते गाडीत बसवून द्यायला सुरुवात केली. हे अमेरिकेत तुफान चालले. पण एट-ट्रॅकची कार्ट्रिज बोजड होती. तीत टेपचा एकच अखंड वेढा असे, त्यामुळे ती मागे फिरवता येत नसे. आवडते गाणे पुन्हा ऐकायचे तर पूर्ण वेढा फिरून येईपर्यंत वाट बघा. कधी कधी तर गाण्याच्या मध्येच खट्ट आवाज होऊन ट्रॅक बदलायचा. शिवाय बहुतेकांच्या हाती फक्त वाजवायचे यंत्र होते, रेकॉर्ड करायचे नव्हते. ऐकणारा ऐकणाराच राहिला.

ज्या निर्णयाने सगळे बदलले

१९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स या डच कंपनीने एक लहानशी कॅसेट मांडली. बेल्जियममधील हासेल्ट येथील कारखान्यात लू ऑटेन्स यांच्या हाताखालच्या चमूने ती बनवली होती. असे सांगतात की यंत्र केवढे असावे हे ठरवण्यासाठी ऑटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ही मापे ठरली.

पण माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठी घटना ही कॅसेट बनवणे नव्हे. ती घटना दोन वर्षांनी घडली. फिलिप्सला प्रत्येक कॅसेटमागे परवान्याचे पैसे हवे होते. जपानी कंपन्यांशी, विशेषतः सोनीशी बोलणी झाली. सोनीच्या नोरिओ ओगा यांनी पैसे देण्यास नकार दिला. त्याच वेळी जर्मनीत ग्रुंडिगची वेगळी कॅसेटही स्पर्धेत उतरली होती. शेवटी फिलिप्सने हा परवाना फुकट द्यायचे मान्य केले. अट एकच, ठरलेली मापे बदलायची नाहीत. म्हणजे कॅसेट कोणीही बनवा, टेप कोणीही बनवा, पण जगातली कोणतीही कॅसेट जगातल्या कोणत्याही टेपमध्ये चालली पाहिजे.

हे कंपनीचे औदार्य नव्हते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. बाजार हातचा जाऊ नये म्हणून केलेला तो व्यवहार होता. पण एकदा नियम सार्वजनिक झाला की तो मालकाच्या मर्जीवर राहत नाही. हक्काचे असेच असते. तो मिळण्याचे कारण काहीही असो, मिळाल्यावर तो सर्वांचा होतो.

या नियमात एक बारकावा होता, तोही सांगण्यासारखा आहे. स्टिरिओ कॅसेट आली तेव्हा डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन ट्रॅक मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवले गेले. त्यामुळे ज्याच्याकडे जुने, एकाच स्पीकरचे यंत्र होते त्यालाही नवी स्टिरिओ कॅसेट वाजवता आली. नवे आले म्हणून जुनेवाला बाहेर पडला नाही. तंत्रज्ञान असेही घडवता येते! मागून येणाऱ्याला, कमी पैसेवाल्याला दाराबाहेर ठेवणे हा निसर्गनियम नाही. तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

आपल्या देशात या निर्णयाचे काय परिणाम झाले? १९८० पर्यंत भारतात रेकॉर्ड म्हणजे मुख्यतः एकच मोठी कंपनी, एचएमव्ही. कॅसेट आली आणि चित्र पालटले. टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या आल्याच, पण जिल्ह्याजिल्ह्यांत, बोलीबोलीत छोटे कॅसेटवाले उभे राहिले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील या घडामोडीवर 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथ १९९३ साली लिहिला. महाराष्ट्रात हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल लागत. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्याबरोबरच आपल्या तालुक्यातल्या गायन पार्टीची कॅसेटही तिथे मिळे. आकाशवाणीच्या वेळापत्रकात आणि मोठ्या कंपन्यांच्या यादीत या गाण्यांना जागा अपुरीच होती. कॅसेटने ती जागा करून दिली. जीपमध्ये, ट्रकमध्ये, काळी-पिवळीत ही गाणी घुमली, कारण कोणत्याही कॅसेटला कोणताही टेप नाही म्हणत नव्हता.

शेपटीवाल्या कॅसेटची गोष्ट

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि गाणे खिशात गेले. वॉकमनची कॅसेट काढून गाडीच्या टेपमध्ये घातली की झाले, जोडणीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न निर्माण झाला तो सीडीमुळे. १९८२ साली सीडी विक्रीला आली. १९८४ साली सोनीने हातात धरण्याजोगा सीडी प्लेअर काढला आणि त्याच वर्षी गाडीत बसवायचे सीडी प्लेअरही आले. पण ते महाग होते. रस्त्यावरच्या बहुतांश गाड्यांत कॅसेट टेपच होता. म्हणजे हातात सीडी प्लेअर आणि गाडीत टेप. आमची एप्रिलमधली अडचण ती हीच.

अशी अडचण आधीही एकदा आली होती. अमेरिकेत एट-ट्रॅकवाल्या गाड्या होत्या आणि बाजारात कॅसेट येऊ लागली, तेव्हा एट-ट्रॅकच्या आकाराचे एक खोके निघाले. त्यात कॅसेट घालायची आणि ते खोके गाडीच्या टेपमध्ये सरकवायचे. तेव्हा जुन्या यंत्रात नवे गाणे घालायची कल्पना नवी नव्हती. १९८० च्या दशकात या कल्पनेने पुढचे पाऊल टाकले. कॅसेटच्या आकाराचे, पण आत टेपच नसलेले एक साधन तयार झाले. त्याच्या शोधासाठी अमेरिकन अभियंते लॅरी शॉट्झ यांचे नाव घेतले जाते.

हे साधन चालते कसे? साध्या कॅसेटच्या टेपवर गाणे चुंबकीय चढउतारांच्या रूपात साठवलेले असते. टेप जेव्हा प्लेअरच्या हेडवरून सरकते, तेव्हा हे चढउतार हेडमधल्या तारेच्या वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण करतात. ती वीज मोठी केली की स्पीकरमधून आवाज. शेपटीवाल्या कॅसेटमध्ये टेपच्या जागी दुसरे एक हेड असते आणि ते प्लेअरच्या हेडला बरोबर समोरासमोर टेकते. खिशातल्या प्लेअरमधून आलेली वीज या हेडच्या वेटोळ्यातून गेली की तसेच चुंबकीय चढउतार तयार होतात. समोरच्या हेडला फरक कळत नाही. टेप सरकते आहे असे समजून ते आपले काम करते. विज्ञान एवढे सरळ आहे.

त्यात एक अडचण होती. चांगल्या टेपमध्ये चाक फिरायचे थांबले की 'कॅसेट संपली' असे समजून तो बंद होतो किंवा बाजू बदलतो. त्यासाठी शेपटीवाल्या कॅसेटमध्ये लहान दातेरी चाके बसवली गेली. टेप नसतानाही चाके एकमेकांना फिरवत राहतात. स्वस्त कॅसेटमधून येणारा किरकिर आवाज त्या चाकांचा. आवाजाचा दर्जा सीडीइतका मिळत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करू. हेड समोरासमोर नीट बसले नाही तर एक बाजू दबते आणि आवाज मंद येतो. पण गाणे वाजते. पाच हजारांचा खर्च शंभर-दोनशे रुपयांत भागतो.

मुद्दा असा की हे साधन बनवायला कोणत्याही गाडी कंपनीची परवानगी लागली नाही. हेड कुठे असेल, चाक कुठे असेल, कॅसेट किती जाड असेल, हे सगळे १९६३ सालीच ठरलेले आणि जगजाहीर होते. तैवानच्या कारखान्याने बनवलेली कॅसेट जर्मन गाडीतल्या जपानी टेपमध्ये बसणारच. दुसऱ्या टोकाचा साडेतीन मिलिमीटरचा प्लगही तसाच. त्याचा थोरला भाऊ, पाव इंची प्लग, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मला. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात त्याचे छोटे रूप आले आणि वॉकमनने ते जगभर नेले. दोन्ही टोकांना खुले नियम होते, म्हणून मधे वायर टाकणे शक्य झाले.

हवेतून जोडणी आणि हवेची मालकी

ज्यांच्या गाडीत कॅसेटही नव्हती, फक्त रेडिओ होता, त्यांच्यासाठी दुसरा उपाय निघाला. छोटा एफएम ट्रान्समीटर. तो गाणे एफएमच्या लहरींवर चढवतो, काही फुटांपर्यंत पसरवतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधली रिकामी जागा शोधायची, बस्स. पण मोठ्या शहरात रिकामी जागा मिळणे कठीण आणि शेजारच्या स्टेशनची खरखर ठरलेली. कॅसेटवाला उपाय त्यामानाने शांत.

इथे मात्र कायदा आडवा आला. ब्रिटनमध्ये असे ट्रान्समीटर वापरणे बेकायदा होते. ८ डिसेंबर २००६ पासून, अत्यल्प शक्तीच्या मर्यादेत, ते कायदेशीर झाले. २००१ साली आयपॉड बाजारात आला होता, लाखो लोकांच्या खिशात तो पोहोचला होता, आणि तरीही पाच वर्षे आपल्याच गाडीत आपलेच गाणे हवेतून चार फूट पाठवणारा माणूस कायद्याने गुन्हेगार ठरत होता.

आपल्याकडची गोष्ट याहून बोलकी आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी राघव महतो नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा तरुण होता. त्याने अशाच साध्या, घरी बनवलेल्या एफएम ट्रान्समीटरवर गावासाठी रेडिओ केंद्र चालवले. लोकांना ते आवडले होते. २००६ साली परवाना नाही म्हणून ते बंद करण्यात आले. वास्तविक १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालात, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट म्हटले होते. मालमत्ता सार्वजनिक, पण वापरायला परवाना, आणि परवाना मिळवायची ऐपत गावच्या कारागिराकडे नाही. सामुदायिक रेडिओचे धोरण स्वयंसेवी संस्थांसाठी २००६ च्या अखेरीस खुले झाले, पण तोवर मन्सूरपूरचा आवाज बंद पडला होता.

लहरींना शिस्त नको, असे माझे म्हणणे नाही. विमानाच्या संदेशात कोणाचे गाणे शिरता कामा नये, हे कोणीही मान्य करील. पण शिस्त आणि मक्तेदारी यांतला फरक विचारायचा की नाही?

महागड्या गाड्यांचे बंद दार

आता आयपॉडच्या काळाकडे येऊ. पहिल्या आयपॉडला साडेतीन मिलिमीटरचे साधे छिद्र होते, त्यामुळे शेपटीवाली कॅसेट त्यालाही चालली. २००३ साली ॲपलने ३० पिनांची स्वतःची खास जोडणी आणली. २००४ साली बीएमडब्ल्यूने गाडीच्या कप्प्यात आयपॉड जोडायची सोय दिली आणि गाडीच्या बटणांवरून गाणी बदलता येऊ लागली. मागोमाग इतर कंपन्या धावल्या. हे सोयीचे होते, यात वाद नाही. आवाज स्वच्छ, चार्जिंगही होते.

पण ही जोडणी एका कंपनीची खासगी होती. २०१२ साली त्या कंपनीने जोडणी बदलली आणि ३० पिनांची वायर असलेल्या गाड्या एका झटक्यात जुन्या झाल्या. २०१६ साली आयफोनमधून साडेतीन मिलिमीटरचे छिद्रही गेले. आज परिस्थिती अशी आहे की १९९५ सालच्या कॅसेटवाल्या गाडीत आजचा जवळपास कोणताही प्लेअर जोडता येतो, पण २००६ सालच्या आलिशान गाडीतली ती खास वायर तिच्या पिनांचे जुने यंत्र नसेल तर निरुपयोगी लोंबकळते. आणि ज्या गाड्यांत फक्त सीडी आहे, ना कॅसेट, ना ऑक्सचे छिद्र, त्यांचे हाल सगळ्यांत जास्त.

कोणी म्हणेल, "मग जुना स्टिरिओ काढून नवा बसवा." तेही सोपे होते. कारण जर्मनीत ठरलेले आणि पुढे जगाने स्वीकारलेले एक माप होते, १८० बाय ५० मिलिमीटरचा खण. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत कोणताही स्टिरिओ घ्या, तो या खणात बसायचा. आपल्याकडे कित्येक गाड्या मुळात स्टिरिओशिवायच येत आणि गल्लीतला मेकॅनिक तो बसवून देई. हजारो हातांना त्यावर काम मिळाले. पण पुढे कंपन्यांनी डॅशबोर्ड आणि स्टिरिओ एकसंध, वेड्यावाकड्या आकाराचे केले. एसीची बटणेही त्यातच गुंफली. स्टिरिओ काढला तर अर्धी गाडी उघडी पडते. सौंदर्याच्या नावाखाली खण गेला आणि खणाबरोबर गल्लीतल्या मेकॅनिकचे कामही गेले.

जुगाड म्हणू नका

शेपटीवाली कॅसेट दाखवली की लोक कौतुकाने म्हणतात, "वा, काय जुगाड आहे!" या शब्दावर माझा आक्षेप आहे. जुगाड म्हणजे साधने नसलेल्या माणसाने नशिबाने आणि हुशारीने काढलेली पळवाट. आज जमली, उद्या जमेलच असे नाही. एकाला जमली, दुसऱ्याला जमेलच असे नाही. शेपटीवाली कॅसेट ही पळवाट नाही. जाहीर नियमांवर उभी असलेली ती अभियांत्रिकी आहे, म्हणून ती प्रत्येकाला, प्रत्येक गाडीत, प्रत्येक वेळी चालते. नियम खुला असतो तेव्हा गरिबाला जुगाड करावा लागत नाही. तो सरळ दारातून आत येतो.

आणि हा प्रश्न गरिबाचाच आहे, हे विसरू नका. जुनी गाडी कोण वापरतो? ज्याला नवी परवडते तो दर पाच वर्षांनी बदलतो आणि जोडणीचा प्रश्न त्याच्यापुरता आपोआप सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र आधीच्याने टाकलेले यंत्र येते. त्या यंत्रात पुढच्या काळाला जोडणारे छिद्र आहे की नाही, याचा निर्णय वीस वर्षांपूर्वी कोणीतरी कुठल्यातरी कार्यालयात घेतलेला असतो. त्या टेबलाशी या माणसाला कोणी खुर्ची दिलेली नसते. सोय पैसे देऊन मिळते आणि कंपनीची मर्जी फिरली की जाते. हक्क खुल्या नियमात असतो आणि तो तिसऱ्या मालकापर्यंत पोहोचतो.

हीच वायर उलटी लावा

आता शेवटचा आणि सगळ्यांत तातडीचा मुद्दा. आतापर्यंत आपण नव्या प्लेअरचे गाणे जुन्या टेपमध्ये कसे न्यायचे हे पाहिले. पण आपल्या घरात उलटा प्रश्न पडून आहे. माळ्यावर, पेटीत, बुद्धविहाराच्या कपाटात कॅसेट पडल्या आहेत. त्यांत कंपन्यांनी काढलेल्या आहेत, तशा एखाद्या कार्यकर्त्याने जलशात, सभेत, गावच्या जयंतीला स्वतःच्या टेपवर भरून घेतलेल्याही आहेत. पहिल्या प्रकारच्या कॅसेट कदाचित आणखी कोणाकडे तरी सापडतील. दुसऱ्या प्रकारची प्रत जगात एकच असते. त्यातला शाहीर आज हयात नसेल, ते गाणे कोणत्याही पुस्तकात छापलेले नसेल. दमट हवेत टेपला बुरशी लागते, मागची दाबपट्टी गळून पडते, टेप टेपला चिकटते. आपण वाट बघत बसलो तर ती गाणी कायमची गेली.

उपाय महाग नाही. चालू स्थितीतला टेप किंवा वॉकमन घ्या. हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कॅसेटची पाठीवरची छोटी चौकोनी पट्टी मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मोकळी करा. मग दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरचा प्लग असलेली साधी वायर टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावा. लाइन-इन नसेल तर युएसबीला लागणारे छोटे साउंड कार्ड मिळते. ऑडॅसिटी हे फुकट आणि खुले सॉफ्टवेअर आहे, त्यात रेकॉर्ड करा. आवाजाची पातळी लाल रेषेला टेकू देऊ नका. मूळ प्रत वेव्ह फाइल म्हणून ठेवा, वाटायला एमपी-थ्री करा. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गाडीत प्लेअर चार्जिंगला लावल्यावर इंजिनाबरोबर वाढणारी शिटी येते ना, तिचे कारणही तेच. वीज आणि आवाज या दोघांची जमीन एकमेकांत गुंतते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, नावे लिहा. गायक कोण, कवी कोण, ढोलकीवर कोण, गाव कोणते, साल कोणते. जे आठवते ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा. नाव नसलेली फाइल ही नाव पुसलेल्या माणसासारखी असते, उद्या कोणीही ती आपली म्हणेल. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. एका कंपनीच्या ॲपमध्ये टाकून निश्चिंत होऊ नका. त्या ॲपचे दार कोणाच्या हातात आहे, हे या लेखात आपण पुरेसे पाहिले.

त्या काकांच्या दुकानातून घेतलेली कॅसेट अजून आमच्या गाडीत आहे. गाडी विकली तर ती कॅसेटही चौथ्या मालकाला देऊन टाकू. पण त्याआधी, येत्या पावसाळ्यापूर्वी, आमच्या विहाराच्या कपाटातल्या कॅसेट संगणकात उतरवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. तुमच्या कपाटात किती आहेत, ते आजच मोजा.